फ्रीमेसन संस्थेचे सभासदत्व: विदर्भातील गावांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरपासून दूर राहणाऱ्या माणसापर्यंत फ्रीमेसन संस्थेची माहिती बहुधा तीन वाटांनी पोचते: मोबाइलवर आलेल्या एखाद्या भडक चित्रफितीतून, शहरात नोकरी करणाऱ्या नातेवाइकाच्या बोलण्यातून, किंवा सभासद होताच लाखो रुपये मिळतील असे सांगणाऱ्या फसव्या संदेशातून. खालील माहिती कोणत्याही लॉजच्या वतीने दिलेली नाही आणि कोणाला सभासद करून घेण्याचाही तिचा हेतू नाही. तालुक्याच्या गावी किंवा खेड्यात राहणाऱ्या शेतकऱ्याला, शिक्षकाला, दुकानदाराला अथवा सेवानिवृत्त कर्मचाऱ्याला या संस्थेविषयी खरोखर कुतूहल असेल, तर अर्ज करण्यापूर्वी त्याला जे ठाऊक असायला हवे, तेवढेच येथे सांगितले आहे.

ही संस्था नेमकी कशाची आहे?

ही प्रौढ पुरुषांची बंधुत्वाची संस्था आहे. मध्ययुगीन युरोपात दगडी चर्च आणि किल्ले बांधणाऱ्या पाथरवटांच्या संघटनांशी ती आपले नाते सांगते. गवंड्याच्या हातातील गुण्या, ओळंबा, पाणसळ, हातोडा आणि छिन्नी ही हत्यारे येथे सदाचाराची प्रतीके मानली जातात. म्हणजे गुण्याने जसा दगडाचा कोन तपासतात तसे आपले वर्तन तपासावे, पाणसळीप्रमाणे सर्वांना समान पातळीवर मानावे, असा बोध विधींमधून दिला जातो. संस्थेच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. परंपरेनुसार २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉजनी एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज, म्हणजे अनेक लॉजवर अधिकार असलेली मध्यवर्ती संस्था, स्थापन केली आणि १७२३ मध्ये तिचा छापील नियमग्रंथ निघाला.

भारतात १७३० च्या सुमारास कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये पहिली लॉज सुरू झाली. पुढे दोन शतके येथील लॉज इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड येथील ग्रँड लॉजच्या अधिकाराखाली चालत असत. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी नवी दिल्ली येथे ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि रामपूरचे नवाब रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख, झाले. ज्या लॉजनी तेव्हा नव्या ग्रँड लॉजमध्ये जाणे पसंत केले नाही, त्या आजही आपापल्या जुन्या परंपरेखाली भारतात काम करतात. त्यामुळे एकाच शहरात दोन वेगवेगळ्या परंपरांच्या लॉज आढळल्या तर त्यात संशयास्पद काही नाही.

रोटरी आणि लायन्स क्लब आमच्या तालुक्यात आहेत. त्यांच्यापेक्षा हे वेगळे कसे?

रोटरीची स्थापना १९०५ मध्ये आणि लायन्सची १९१७ मध्ये झाली. दोन्ही सेवाभावी क्लब आहेत आणि नेत्रतपासणी शिबिर, शाळेला मदत, रक्तदान ही त्यांची मुख्य ओळख आहे. फ्रीमेसन संस्थाही दानधर्म करते, परंतु तिचे मुख्य काम म्हणजे लॉजमध्ये बंद दाराआड, पाठ केलेल्या भाषेत आणि ठरलेल्या क्रमाने होणारे विधी. ज्याला केवळ समाजसेवा करायची आहे त्याने तालुक्यातील क्लबातच जावे. तेथे काम लवकर हाती येते आणि विधी पाठ करण्याची आवश्यकताही नसते.

सभासद कोणाला होता येते?

साधारणपणे २१ वर्षे पूर्ण झालेला, चांगल्या वर्तनाचा, स्वतःच्या निर्णयाचा मालक असलेला आणि एका परमशक्तीवर श्रद्धा असलेला पुरुष अर्ज करू शकतो. ती परमशक्ती कोणत्या नावाने ओळखायची हे संस्था सांगत नाही. विधींमध्ये तिचा उल्लेख ‘विश्वाचा महान शिल्पकार’ अशा अर्थाच्या शब्दांनी होतो. प्रतिज्ञा घेताना उमेदवार ज्या धर्माचा असेल त्या धर्माच्या ग्रंथावर हात ठेवतो, आणि म्हणून भारतातील लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथ साहिब आणि अवेस्ता हे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवलेले आढळतात. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण या दोन विषयांवर वाद घालण्यास मनाई आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर भावाभावांतील बोलणे बंद झालेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या नियमाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

जातीची अट आहे का?

नाही. मात्र इतिहास तेवढा निर्मळ नाही, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटिश काळात बहुतेक लॉज गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या होत्या आणि भारतीयांना प्रवेश देण्यास त्यांची तयारी नसे. मुंबईतील माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना आधी प्रवेश नाकारला गेला होता. १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुंबईत निघाली आणि तिच्यात भारतीयांना प्रवेश मिळू लागला. हिंदूंच्या बाबतीत तर ते अनेक देव मानतात, मग एका परमशक्तीवर त्यांची श्रद्धा कशी मानायची, असा आक्षेप घेतला जात असे. कोलकात्याचे प्रसन्नकुमार दत्त यांना बंगालमध्ये प्रवेश मिळण्यासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले आणि अखेर १८७२ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. त्यानंतर बारा वर्षांनी, १८८४ मध्ये, पुढे स्वामी विवेकानंद म्हणून ओळखले गेलेले नरेंद्रनाथ दत्त कोलकात्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजचे सभासद झाले. बंधुत्वाची भाषा बोलणाऱ्या संस्थेलाही ते आचरणात आणायला भांडणाऱ्या माणसांची गरज पडली, हे या इतिहासातून दिसते. आज अर्जदाराची जात हा लॉजच्या विचाराचा विषय नसतो, आणि एखाद्या सभासदाने तो तसा केल्याचे आपल्याला जाणवले तर त्या लॉजमध्ये जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही बौद्ध आहोत. परमशक्तीवर श्रद्धा असल्याचे आम्ही कसे लिहून द्यायचे?

विदर्भातून येणाऱ्या प्रश्नांपैकी हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्या घराने मनापासून स्वीकारल्या आहेत, त्या घरातील तरुणाला अर्जातील हा एक रकाना अडखळायला लावणारच. आग्नेय आशियातील काही लॉजमध्ये इतर ग्रंथांसोबत धम्मपदही ठेवले जाते आणि जगभरात अनेक बौद्ध व्यक्ती या संस्थेच्या सभासद झालेल्या आहेत. ते या अटीचा अर्थ विश्वाला धारण करणारा नियम किंवा धम्म असा लावतात. असा अर्थ आपल्या विवेकाला पटतो का, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागेल. पटत असेल तर अर्जदाराची भेट घेणाऱ्या लॉजच्या चौकशी समितीसमोर तो त्याच शब्दांत मांडावा. पटत नसेल तर केवळ प्रवेशासाठी होकार लिहू नये, कारण पुढची प्रत्येक प्रतिज्ञा त्याच होकारावर उभी राहते. नास्तिक व्यक्तींनाही हेच लागू आहे: अट आहे, ती पाळली जाते आणि तिला वळसा घालून आत जाण्यात काही अर्थ नाही.

ख्रिस्ती व्यक्तीला अडचण येते का?

संस्थेकडून येत नाही. कॅथलिक चर्चने मात्र १७३८ पासून आपल्या अनुयायांना या संस्थेत जाण्यास मनाई केलेली आहे आणि २०२३ मध्येही तिचा पुनरुच्चार केला. कॅथलिक वाचकांनी आधी आपल्या धर्मगुरूंशी बोलावे.

महिलांना प्रवेश का नाही?

ग्रँड लॉज ऑफ इंडिया आणि तिला मान्यता देणाऱ्या ग्रँड लॉज केवळ पुरुषांना प्रवेश देतात. महिलांना किंवा स्त्रीपुरुष दोघांनाही प्रवेश देणाऱ्या स्वतंत्र परंपरा आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी ॲनी बेझंट यांनी अशाच एका संमिश्र परंपरेचे भारतात नेतृत्व केले. पुरुषांच्या लॉज त्यांच्या बैठकांना जात नाहीत. हे जुनाट वाटते, असे म्हणणाऱ्यांना माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळ आहे, भजनी मंडळ आहे. मग याची गरज काय?

गरज असेलच असे नाही. यावलीत जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) मोझरीला गुरुकुंज उभारले, आणि तेथून पसरलेल्या सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत गावातील माणूस रोज संध्याकाळी, फुकट, आपल्या भाषेत आणि बायकामुलांसह बसू शकतो. त्या प्रार्थनेतही सर्व पंथांना जागा आहे. फ्रीमेसन लॉजमध्ये यापैकी बऱ्याच गोष्टी नाहीत. तेथे जे मिळते ते वेगळ्या जातीचे आहे: शहरातील, अन्य धर्मांतील, अन्य व्यवसायांतील आणि एरवी आपल्या ओळखीत कधीच न आलेल्या माणसांशी अनेक वर्षे टिकणारा संबंध, तसेच पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या विधींची शिस्त. या दोन गोष्टींची ओढ ज्याला नाही, त्याने मंडळातच रमावे. दोन्हींचे सभासद असण्यास कोणाचीही हरकत नसते.

प्रवेशासाठी आमंत्रण येते का?

परंपरेने येत नाही. इच्छुकाने स्वतः विचारावे, हा या संस्थेचा जुना संकेत आहे, कारण दीक्षेच्या वेळी उमेदवाराला आपण कोणाच्या दबावाने किंवा लाभाच्या आशेने आलेलो नाही, असे सांगावे लागते. म्हणून आपल्या ओळखीचे एखादे सभासद वर्षानुवर्षे या विषयावर गप्प असतील, तर त्यांना आपण नको आहोत असा अर्थ काढू नये; ते बहुधा आपल्या विचारण्याची वाट पाहत असतील.

ओळखीचे कोणीही नसेल तर ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या अधिकृत संकेतस्थळावरून चौकशी करता येते. तिचा कारभार उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा चार विभागांतून चालतो आणि आलेली चौकशी अर्जदाराला सोयीच्या लॉजकडे पाठवली जाते. विदर्भातील बहुतेकांसाठी ते ठिकाण नागपूर असते.

अर्ज केल्यानंतर काय होते?

येथे घाई करणाऱ्याची निराशा होते. प्रत्येक अर्जाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. दोघेही सभासद असावे लागतात आणि त्यांनी उमेदवाराला खरोखर ओळखलेले असावे अशी अपेक्षा असते. गावाकडच्या अर्जदाराला आधी कोणी ओळखत नसल्याने लॉजमधील मंडळी त्याला चहाला, जेवणाला किंवा सर्वांसाठी खुल्या असलेल्या कार्यक्रमाला बोलावतात आणि काही महिने नुसती ओळख वाढवतात. हा काळ वाया गेला असे समजू नये. याच काळात आपल्यालाही ती माणसे पारखता येतात, आणि माझ्या मते अर्जदार हा अधिकार पुरेसा वापरत नाहीत. आपण परीक्षेला बसलो आहोत अशा अवघडलेपणाने ते वावरतात.

त्यानंतर लॉजची चौकशी समिती भेटते. ती काही वेळा घरीही येते आणि पत्नीची संमती आहे का, हे विचारते. सोयरीक जुळवताना पाहुणे येतात तशी ही भेट असते: प्रश्न साधे असतात, पण पाहिले बरेच काही जाते. संसारात यावरून कुरबुर होणार असेल तर अर्ज पुढे नेऊ नये, असे चांगली समिती स्वतःच सुचवते.

शेवटी लॉजच्या बैठकीत उमेदवाराच्या नावावर गुप्त मतदान होते. ते पांढऱ्या आणि काळ्या गोळ्यांनी करण्याची पद्धत आहे. पांढरी गोळी म्हणजे होकार आणि काळी म्हणजे नकार. किती काळ्या गोळ्यांनी अर्ज फेटाळला जातो हे लॉजच्या नियमांवर अवलंबून असते, परंतु बहुमताचे गणित येथे चालत नाही आणि अगदी थोडे नकारही पुरेसे ठरतात. एकदा आत आलेला माणूस प्रत्येकाचा बंधू होणार असल्यामुळे तो जवळजवळ सर्वांना मान्य असावा, अशी यामागची भूमिका आहे.

माझ्यावर धुऱ्याच्या वादाचा खटला चालू आहे. अर्ज करता येईल का?

शेतीच्या हद्दीचा किंवा वाटणीचा दिवाणी दावा विदर्भात निम्म्या घरांच्या कपाटात सापडेल. तेवढ्यावरून कोणी अपात्र ठरत नाही. फौजदारी गुन्ह्यातील शिक्षा किंवा प्रलंबित गुन्हा मात्र अर्ज करतानाच सांगावा लागतो. लपवलेली गोष्ट पुढे उघडकीस आली तर सभासदत्व जाऊ शकते, शिवाय ज्याने आपल्या नावावर सूचक म्हणून सही केली त्याचीही मान खाली जाते.

खर्च किती येतो?

रक्कम लॉजनुसार बदलते, म्हणून आकडा लॉजच्या सचिवांकडून लेखी मागावा. तो मागण्यात संकोच नसावा. प्रवेश शुल्क एकदाच द्यावे लागते आणि वार्षिक वर्गणी दरवर्षी. याशिवाय एप्रन, पांढरे हातमोजे, गडद रंगाचा सूट, बैठकीनंतरच्या भोजनाचा खर्च आणि ऐपतीप्रमाणे दान हे सर्व धरावे लागते. गावाकडच्या सभासदाला यात प्रवासखर्चाची भर पडते आणि पुष्कळदा तीच वर्गणीपेक्षा जड ठरते. स्वतःला किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्यांना झळ बसेल असा खर्च कोणी करू नये, हे या संस्थेचे जुने तत्त्व आहे. कापसाचे पैसे हाती आले म्हणून हुरळून त्याच महिन्यात अर्ज भरू नये. ज्या वर्षी बोंडअळीने पीक नेले, त्या वर्षीही वर्गणी देता आली असती का, याचा हिशेब आधी करावा.

आम्ही खूप दूर राहतो. दर महिन्याला जाणे जमेल का?

माझ्या दृष्टीने ग्रामीण विदर्भातील अर्जदारासाठी हाच खरा प्रश्न आहे. बाकीच्या अटी यापुढे किरकोळ ठरतात. लॉजची बैठक बहुधा संध्याकाळी सुरू होते, विधी दोनेक तास चालतो आणि नंतर भोजन असते. वर्ध्याचा माणूस रात्री उशिरा का होईना घरी पोचेल. यवतमाळहून सुमारे दीडशे किलोमीटर आणि गडचिरोलीहून त्याहूनही अधिक अंतर कापून येणाऱ्याला मुक्काम करावाच लागतो, आणि सिरोंचा किंवा एटापल्लीच्या माणसाला तर जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात. पेरणीचा आणि कापूस वेचणीचा हंगाम आला की अनुपस्थिती ठरलेलीच असते.

अडचण सांगून अनुपस्थित राहण्याची मुभा असते आणि त्यासाठी कोणी काढून टाकत नाही. तरीही संस्थेचा सगळा अर्थ एकत्र बसण्यात आहे. जो वर्षातून एकदाच येतो त्याच्या वाट्याला केवळ पावती येते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी सहा महिने, लॉजच्या बैठकीच्या दिवशी आपण नागपूरला जाऊ शकलो असतो का, याची दिनदर्शिकेवर नोंद ठेवून पाहावी.

इंग्रजी आली पाहिजे का?

बहुतेक लॉजमध्ये विधी इंग्रजीतच होतात आणि ते पाठ करावे लागतात. भाषा जुन्या वळणाची असल्याने इंग्रजी माध्यमातून शिकलेले तरुणही तिथे अडखळतात. ऐकून समजण्याइतकी इंग्रजी असावी, बाकी घोकंपट्टीने जमते. भोजनाच्या टेबलावर मराठी, हिंदी सगळे चालते.

तेथे जादूटोणा चालतो, असे म्हणतात. दीक्षेत नेमके काय करतात?

ब्रिटिश काळात लॉजच्या इमारतींना उत्तर भारतात सर्रास ‘जादूघर’ म्हटले जाई. बंद दारे, बाहेर तलवार घेऊन उभा असलेला टायलर नावाचा पहारेकरी आणि आत जाणारे काळ्या पोशाखातील साहेब, एवढ्या सामग्रीवर अफवा सहज पोसली जाते. प्रत्यक्षात तेथे बळी, अघोरी पूजा, अंगात येणे असले काहीही नसते. उमेदवाराच्या डोळ्यांवर काही वेळ पट्टी असते, त्याला हाताला धरून फिरवले जाते, प्रश्न विचारले जातात आणि शेवटी त्याच्याकडून प्रतिज्ञा घेतली जाते. जुन्या प्रतिज्ञेत वचनभंगासाठी भयंकर शारीरिक शिक्षांचे प्रतीकात्मक शब्द होते. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ मध्ये ते प्रतिज्ञेतून काढून टाकले.

पायऱ्या तीन आहेत: एंटर्ड ॲप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन, म्हणजे शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. दोन पायऱ्यांमध्ये किमान काही आठवड्यांचे अंतर ठेवले जाते. परस्परांना ओळखण्याच्या खुणा आणि शब्द तेवढे गुप्त ठेवायचे असतात. आपण सभासद आहोत हे घरी, गावात किंवा चावडीवर सांगण्यास कोणतीही मनाई नाही.

मी माळकरी आहे. भोजनात मांस आणि मद्य असते का?

काही लॉजच्या भोजनात दोन्ही असते. सक्ती कशाचीही नसते. शुभेच्छांचा प्याला पाण्याने किंवा सरबताने उचलला तरी चालतो आणि शाकाहारी ताट सर्वत्र मिळते. एप्रन मात्र परंपरेने कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा असतो. ज्यांना चामडे चालत नाही त्यांनी कापडी किंवा कृत्रिम कापडाचा एप्रन चालेल का, हे सचिवांना आधीच विचारावे.

सभासद झाल्यावर नोकरी, कर्ज किंवा धंद्यात मदत मिळते का?

नाही. ही पतसंस्था नाही, विमाही नाही. संकटात सापडलेल्या बंधूला किंवा त्याच्या विधवेला सभासद आपखुशीने मदत करतात, पण तो हक्क नव्हे. कंत्राट, बदली किंवा तिकीट मिळवण्यासाठी येणाऱ्याला अनुभवी सभासद पहिल्या भेटीतच ओळखतात.

‘इल्युमिनाटीत या, श्रीमंत व्हा’ असा संदेश आला आहे. तो खरा आहे का?

तो निखालस फसवणुकीचा संदेश आहे. बव्हेरियात ॲडम वाइसहाउप्ट यांनी १ मे १७७६ रोजी स्थापन केलेली इल्युमिनाटी नावाची मंडळी वेगळी होती आणि तेथील राज्यकर्त्याने १७८४–८५ मध्येच तिच्यावर बंदी घातली. आज त्या नावाने येणारे संदेश आधी नोंदणी शुल्क, मग ‘अंगठीचे पैसे’, मग कुरिअरचा खर्च असे उकळत जातात. खरी लॉज अनोळखी माणसाला संदेश पाठवून सभासद करत नाही, भेटीशिवाय दीक्षा देत नाही आणि श्रीमंतीचे आश्वासन तर मुळीच देत नाही. पैसे गेले असतील तर लाज न बाळगता त्याच दिवशी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

अर्ज फेटाळला गेला तर गावात बोभाटा होईल का?

मतदान गुप्त असते आणि कोणी नकार दिला हे शोधण्यासही मनाई असते. निर्णय आपल्याला आपल्या सूचकाकडून कळतो. गावात बोभाटा होतो तो बहुधा आपणच निकालाआधी चार जणांना सांगून ठेवलेले असल्यामुळे होतो.

नंतर सभासदत्व सोडता येते का?

येते. सचिवांना लेखी राजीनामा द्यावा आणि थकलेली वर्गणी भरावी. त्यानंतर बाकी नसल्याचा दाखला मागून घ्यावा, कारण पुढे परत यायचे ठरले किंवा दुसऱ्या शहरातील लॉजमध्ये नाव घालायचे झाले तर तो लागतो. राजीनामा न देता नुसते जाणे बंद केले तर वर्गणी साचत राहते आणि अखेर थकबाकीमुळे नाव कमी केले जाते. अशा माणसाला पुन्हा प्रवेश मिळण्यापूर्वी ती बाकी चुकती करावी लागते. गुप्त खुणांविषयी दिलेला शब्द सोडल्यानंतरही पाळायचा असतो. याखेरीज संस्थेचे कोणतेही बंधन उरत नाही.